फोटो क्लाउडवर चढण्याआधीच कापा आणि लहान करा

आजचा साधा मोबाइलही १२ मेगापिक्सेलचा फोटो काढतो. म्हणजे ४००० बाय ३००० पिक्सेल आणि फाइल दोन ते पाच एमबीची. ती जिथे दिसणार असते तो प्रोफाइलचा गोल मात्र जेमतेम ३०० पिक्सेलचा असतो. मधला सगळा भार दर महिन्याला स्टोरेजच्या आणि डेटा ट्रान्सफरच्या बिलात जातो, आणि पान उघडणाऱ्याचा डेटापॅकही त्यातच संपतो. म्हणून फोटो लहान करूनच बकेटमध्ये, म्हणजे क्लाउडवरच्या आपल्या कप्प्यात, ठेवावा, याबद्दल कुणाचं दुमत नसतं. गोंधळ होतो तो हे काम नेमकं कधी करायचं आणि कोणत्या क्रमाने करायचं यात. हा क्रम चुकला की फोटो आडवे पडतात, डोकी कापली जातात, बकेटमध्ये शून्य बाइटच्या फाइली जमतात. पुढचं सगळं जँगो (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क), पिलो (पायथनची चित्रांची लायब्ररी) आणि ॲमेझॉन एस३ (क्लाउड स्टोरेज) धरून लिहिलं आहे, कारण हे तिघे सर्रास एकत्र सापडतात. जावास्क्रिप्टमधले नोड आणि शार्प वापरणाऱ्यांनाही हाच क्रम लागू पडतो, फक्त फंक्शनांची नावं बदलतात.

डिस्कवर चालतं, बकेटवर अडतं

जँगो शिकताना बहुतेकांना एक ठरलेली कृती भेटते. मॉडेलची सेव्ह मेथड ओव्हरराइड करायची, आत आधी सुपरची, म्हणजे जँगोची मूळ, सेव्ह बोलवायची, मग फोटोचा पाथ घेऊन तो पिलोने उघडायचा, थंबनेल करायचं आणि त्याच पाथवर परत लिहायचं. लॅपटॉपवर हे उत्तम चालतं. स्टोरेज एस३ केलं की त्याच ओळीवर नॉटइम्प्लिमेंटेडएरर येतो आणि 'हे स्टोरेज ॲब्सोल्यूट पाथ देत नाही' असा निरोप मिळतो. निरोप खरा आहे. बकेटमध्ये पाथ नावाची चीजच नसते, असते ती 'की' (key), म्हणजे नाव, आणि तिच्यामागे एक ऑब्जेक्ट, म्हणजे फाइल. तो जागेवर उघडून बदलता येत नाही, पूर्णच्या पूर्ण नव्याने लिहावा लागतो.

यावर जे पहिलं ठिगळ सुचतं ते टाळा: फाइल चढवायची, मग उतरवायची, लहान करायची आणि पुन्हा चढवायची. एका फोटोसाठी नेटवर्कच्या तीन फेऱ्या होतात आणि युजर तेवढा वेळ गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसतो. त्याहून वाईट म्हणजे मधल्या काळात मूळ फोटो, त्यातल्या जीपीएसच्या खुणांसकट, बकेटमध्ये पडलेला असतो. बकेटवर व्हर्जनिंग (जुन्या आवृत्त्या जपणं) चालू असेल तर वरून नवी फाइल लिहिली तरी जुनी आवृत्ती तशीच राहते आणि तिचंही भाडं चालू राहतं.

मग फोटोवरचं सगळं काम मेमरीत उरकायचं आणि स्टोरेजच्या हाती थेट तयार बाइट्स द्यायचे. जँगोत हे सोपं आहे, कारण फाइलफील्ड प्रत्यक्ष फाइल स्टोरेजकडे पाठवतं ते प्रीसेव्हच्या टप्प्यावर, म्हणजे सुपरची सेव्ह चालू असताना. त्याआधी फील्डमधली फाइल बदलून टाकली की मूळ फोटो बकेटपर्यंत पोचतच नाही. बदलणं म्हणजे एक कंटेंटफाइल (जँगोची मेमरीतली फाइल) बनवायची, तिला तयार बाइट्स आणि नवं नाव द्यायचं आणि ती फील्डला असाइन करायची. बाकीचं काम जँगो स्वतः करतं.

इथे काही खड्डे ठरलेले आहेत. पहिला म्हणजे सेव्ह प्रत्येक वेळी चालते. युजरने फक्त पत्ता बदलला तरी तुमचं रिसाइझ पुन्हा चालणार, त्यासाठी बकेटमधून फोटो उतरवणार आणि जेपेग पुन्हा एकदा दाबणार. दहा वेळा प्रोफाइल बदलली की चेहऱ्यावर चौकडे दिसू लागतात. म्हणून आधी फील्डचा कमिटेड फ्लॅग तपासायचा. त्याच्या नावाआधी अंडरस्कोर आहे, म्हणजे तो औपचारिकरीत्या खासगी आहे, पण आत्ताच आलेली फाइल आणि आधीपासून बकेटमध्ये असलेली फाइल यांतला फरक तोच नेमका सांगतो. तो खोटा असेल तरच फोटोला हात लावायचा.

दुसरा खड्डा नावाचा. जुन्या फोटोंवर पुन्हा प्रक्रिया करताना फील्डच्या नावात फोल्डर आधीच असतं. तेच नाव परत दिलं की अपलोड-टू ही फोल्डर ठरवणारी सेटिंग त्याच्यापुढे पुन्हा फोल्डर जोडतं, आणि 'फोटो' फोल्डरच्या आत आणखी एक 'फोटो' फोल्डर तयार होतं. नाव देताना फक्त शेवटचा भाग द्यायचा.

तिसरा म्हणजे बल्क क्रिएट, म्हणजे अनेक रेकॉर्ड एकदम भरणारी जँगोची मेथड, तुमची सेव्ह मेथड चालवत नाही, पण फाइल मात्र चढवतं. एक्सेलमधून हजार सभासद भरणाऱ्या स्क्रिप्टने हजार मूळ फोटो बकेटमध्ये टाकले, असं व्हायला वेळ लागत नाही. त्यामुळे फोटोचं काम करणारं फंक्शन मॉडेलच्या बाहेर, स्वतंत्र ठेवा. त्यात फाइल जावी आणि बाहेर बाइट्स यावेत, इतकंच. जँगोची त्याला ओळखही नको. मग ते फॉर्ममधून, स्क्रिप्टमधून किंवा उद्या मागे वेगळं चालणाऱ्या वर्करमधून, कुठूनही बोलावता येतं.

आणि शून्य बाइटची फाइल. पिलोने बाइट्सआयओमध्ये, म्हणजे मेमरीतल्या बफरमध्ये, फोटो लिहिला की त्याचा पॉइंटर शेवटाला जाऊन थांबतो. तसाच तो बफर अपलोडला दिला तर वाचणारा शेवटापासून वाचू लागतो, त्याला काहीच मिळत नाही, आणि बकेटमध्ये बरोबर नावाची, बरोबर टाइपची, पूर्ण रिकामी फाइल तयार होते. एरर कुठेच येत नाही. लिहून झाल्यावर सीक करून शून्यावर यायचं, किंवा गेटव्हॅल्यूने सगळे बाइट्स काढून घ्यायचे. दुसरा मार्ग मला अधिक पसंत आहे, कारण त्यात विसरायला काही उरत नाही. याचीच सख्खी बहीण म्हणजे 'बंद फाइलवर काम चालू आहे' ही एरर. बोटो३, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडशी (एडब्ल्यूएसशी) बोलणारी पायथनची लायब्ररी, अपलोड झाल्यावर दिलेला फाइल ऑब्जेक्ट बंद करून टाकते. त्याच ऑब्जेक्टपासून दुसरा आकार बनवायला गेलात की ती समोर येते. एकाच फोटोचे तीन आकार करायचे असतील तर आधी तिन्ही मेमरीत बनवा, मगच चढवायला घ्या.

उघडण्याआधीची झडती

एक्स्टेन्शन आणि ब्राउझरने सांगितलेला कंटेंट टाइप, दोन्ही समोरच्याच्या हातात असतात. दोन्हींवर विसंबू नका. पिलोला फाइल उघडताना चालणाऱ्या फॉरमॅटची यादी देता येते. तिथे जेपेग, पीएनजी आणि वेबपी एवढंच लिहा, म्हणजे पिलोला येणारे बाकी पन्नासएक फॉरमॅट बाहेरच राहतात. एसव्हीजी या यादीत नकोच. ती चित्राची फाइल दिसली तरी आतून एक्सएमएल असते आणि तिच्यात स्क्रिप्ट लपवता येते.

पिलो आळशी पद्धतीने उघडतं आणि इथे ते आपल्या फायद्याचं आहे. ओपन केल्यावर फक्त हेडर वाचलं जातं. रुंदी आणि उंची लगेच कळते, पिक्सेल मात्र अजून उलगडलेले नसतात. हाच तपासणीचा क्षण. काही केबींची पीएनजी उलगडल्यावर कित्येक जीबी मेमरी मागू शकते, कारण एकाच रंगाचं अवाढव्य चित्र अगदी छोट्या फाइलीत मावतं. पिलोची स्वतःची मर्यादा सुमारे ८ कोटी ९५ लाख पिक्सेलची आहे. तिच्यापुढे नुसती वॉर्निंग येते, दुप्पट झाल्यावर डिकम्प्रेशनबॉम्बएरर. प्रोफाइल फोटोसाठी ही मर्यादा फारच सैल आहे, ५ कोटी पिक्सेल पुष्कळ झाले. आणि एक बारकावा लक्षात ठेवा: ही एरर ओएसएररच्या कुळातली नाही. खराब फाइलीसाठी तुम्ही फक्त ओएसएरर पकडत असाल तर ओळखू न आलेली आणि अर्धवट तुटलेली फाइल सापडेल, पण बॉम्ब निसटून युजरला थेट ५०० चं, म्हणजे सर्व्हर बिघडल्याचं, पान दाखवेल.

मेमरीचा हिशोब कागदावर मांडून पाहावा. जेपेग फाइल ४ एमबीची असली तरी उलगडल्यावर पिलोत प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात. ४००० गुणिले ३००० गुणिले ४, म्हणजे ४८ एमबी. ४८ मेगापिक्सेलच्या फोटोला १९२ एमबी. फोटो फिरवताना नवी प्रत तयार होते, म्हणजे क्षणभर त्याच्या दुप्पट. ५१२ एमबीच्या सर्व्हरवर दोन वर्कर (रिक्वेस्टा हाताळणाऱ्या प्रक्रिया) एकाच वेळी असे फोटो घेऊन बसले की लिनक्स त्यातल्या एकाला मारून टाकतं आणि लॉगमध्ये नुसतं 'किल्ड' उरतं.

यावरचा इलाज जेपेगच्या रचनेतच आहे. जेपेग आठ बाय आठच्या चौकड्यांत साठवलेलं असतं, त्यामुळे ते उलगडतानाच निम्म्या, पाव किंवा एक अष्टमांश मापात उलगडता येतं. पिलोत यासाठी ड्राफ्ट नावाची मेथड आहे. ४००० बाय ३००० च्या फोटोला ड्राफ्टमध्ये ६०० बाय ६०० सांगितलं की तो पाव मापात, १००० बाय ७५० असा उघडतो आणि ४८ ऐवजी तीन एमबी घेतो. मागितलेल्या मापापेक्षा लहान तो कधीच देत नाही, म्हणून शेवटच्या बारीक मापासाठी पुरेसे पिक्सेल हातात राहतात. थंबनेल ही मेथड ड्राफ्ट आपोआप वापरते, पण फोटो आधीच फिरवलेला असेल तर तो पूर्ण उलगडून झालेला असतो आणि फायदा गेलेला असतो. म्हणून ड्राफ्ट उघडल्या उघडल्या बोलवायचं, फिरवण्याच्याही आधी. माप चौकोनी द्यायचं, म्हणजे फोटो आडवा आहे की उभा याची फिकीर राहत नाही.

एक अपवाद. युजरने मोठ्या समूहफोटोतला आपला एकट्याचा चेहरा निवडला असेल तर सगळा फोटो पाव करून चालणार नाही, कारण त्या चेहऱ्याचे पिक्सेलही पाव होतील. तिथे ड्राफ्टचं माप कापून उरणाऱ्या भागावरून ठरवावं लागतं, नाहीतर ड्राफ्ट सोडूनच द्यावं.

आधी सरळ, मग कात्री, मग माप

फोन उभा धरून फोटो काढला तरी सेन्सर आडवाच असतो. फोन पिक्सेल फिरवत बसत नाही. तो एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोसोबत फाइलीत साठवलेल्या माहितीत, एक आकडा लिहितो की दाखवताना हे असं फिरवा. असे आठ आकडे आहेत. १ म्हणजे सरळ, ३ म्हणजे उलटा, ६ आणि ८ म्हणजे आडवे पडलेले, आणि २, ४, ५, ७ म्हणजे आरशातले. उभ्या धरलेल्या फोनच्या फोटोत बहुतेक वेळा ६ सापडतो. ब्राउझर आणि गॅलरी हा आकडा मानतात, म्हणून मूळ फोटो सगळीकडे सरळ दिसतो. पिलो मात्र उघडताना तो मानत नाही, आणि जेपेग सेव्ह करताना तुम्ही मुद्दाम दिल्याशिवाय एक्झिफ लिहीतही नाही. आकडा गळून पडतो, पिक्सेल आडवेच राहतात. 'अपलोड केला की फोटो आडवा होतो' या तक्रारीमागे एवढंच असतं.

पिलोच्या इमेजऑप्स मॉड्यूलमधलं एक्झिफ ट्रान्स्पोज हे फंक्शन आठही आकडे हाताळतं आणि काम झाल्यावर तो आकडा काढूनही टाकतं, त्यामुळे पुढे कुणी दुसऱ्यांदा फिरवत नाही. २०१९ मधल्या पिलो ६.० पासून ते आहे. तरी आजही हाताने लिहिलेल्या ३, ६, ८ च्या अटी कोडमध्ये दिसतात. त्या काढून टाका, सेल्फी कॅमेऱ्यांचे आरशातले आकडे त्यांत नसतात. शार्पमध्ये याच कामासाठी रोटेटला कोणताही कोन न देता बोलवतात.

सरळ केल्यावर कात्री. युजर ब्राउझरमध्ये चौकट ओढतो तेव्हा तो सरळ झालेला फोटो बघत असतो, त्यामुळे त्याचे आकडे सरळ झालेल्या फोटोचेच असतात. सर्व्हरने ते आडव्या पिक्सेलवर लावले की भलतंच काहीतरी कापलं जातं, आणि गंमत अशी की लॅपटॉपवरून टाकलेल्या फोटोंत सगळं बरोबर दिसतं, घोटाळा फक्त मोबाइलच्या उभ्या फोटोंत होतो. सर्व्हरवर तपासताना हाच फोटो घ्या.

दुसरी गोष्ट गुणोत्तराची. फोटो ३००० बाय ४००० चा, पण मोबाइलच्या स्क्रीनवर तो ३६० पिक्सेल रुंद दिसतोय. युजरची चौकट डावीकडून ३० वर सुरू होते. मूळ फोटोत ती ३००० भागिले ३६०, म्हणजे ८.३३ ने गुणून २५० वर येते. क्रॉपर लायब्ररी मूळ मापातले आकडे देत असेल तर हा गुणाकार करायचा नाही, दाखवलेल्या मापातले देत असेल तर करायचाच. कोणते आकडे येताहेत हे डॉक्युमेंटेशनमध्ये बघण्यापेक्षा एकदा छापून पाहणं जलद पडतं. ड्राफ्टने फोटो पाव केला असेल तर आकड्यांनाही चारने भागायला विसरू नका.

शेवटी आकडे फोटोच्या हद्दीत आणा. पिलोचं क्रॉप हद्दीबाहेरचा चौकोन दिला तरी तक्रार करत नाही, बाहेरचा भाग काळा भरून देतं. कडेला काळी पट्टी आलेला प्रोफाइल फोटो दिसला तर बहुधा हेच झालेलं असतं. रुंदी किंवा उंची शून्य नाही ना, तेही तिथेच तपासा.

युजरला चौकट द्यायची नसेल आणि आपोआप कापायचं असेल तर इमेजऑप्समधलं फिट. ते मागितलेल्या प्रमाणात कापून लगेच माप बसवतं. मुळात ते बरोबर मधून कापतं, आणि माणसांच्या फोटोंत ते नेमकं चुकतं. ३००० बाय ४००० चा उभा फोटो चौकोनी करताना उंचीतले १००० पिक्सेल जायला हवेत. मधून कापलं तर ५०० वरून जातात आणि ५०० खालून. उभ्या फोटोत डोकं वरच्या पाचव्या भागात असतं, त्यामुळे फेट्याचा तुरा किंवा अख्खं कपाळ उडतं. फिटला सेंटरिंग देता येतं. उभ्या दिशेला ०.५ ऐवजी ०.२ दिलं तर वरून २०० आणि खालून ८०० जातात. चेहरा शोधणारं मॉडेल बसवण्याआधी एवढा एक आकडा बदलून बघा, बऱ्याच साइटींचं काम त्यात भागतं. वस्तूंच्या फोटोंना मात्र मधलंच कापणं बरं, आणि कागदपत्रांना तर कात्री लावूच नये.

मापाबद्दल थोडक्यात. थंबनेल प्रमाण राखतं, लहान फोटो मोठा करत नाही, आणि त्याच ऑब्जेक्टवर काम करून नन (None, म्हणजे काहीच नाही) परत देतं. त्याचा निकाल व्हेरिएबलमध्ये धरला की पुढच्या ओळीवर एरर. रिसाइझ नवा ऑब्जेक्ट देतं, सांगाल त्या मापात ताणतं, आणि १५० पिक्सेलचा फोटो ६०० चा धूसर करूनही देतं. फोटो मोठा कधीच करू नका. त्यात माहिती वाढत नाही, फक्त बाइट्स वाढतात. फिल्टर लँकझोस ठेवा. जुन्या कोडमधलं अँटीअलियस हे नाव २०२३ च्या पिलो १० मध्ये काढून टाकलं आहे, म्हणून पिलो अपग्रेड केल्यावर ॲट्रिब्यूटएरर येतो. नाव बदला, फिल्टर तोच आहे.

रंगांची कटकट

पारदर्शक पीएनजी जेपेग म्हणून सेव्ह करायला गेलात तर पिलो 'आरजीबीए मोड जेपेगमध्ये लिहिता येत नाही' म्हणून थांबतं. आरजीबीए म्हणजे तीन रंग आणि अल्फा, म्हणजे पारदर्शकता. नेटवर मिळणारं उत्तर असतं: आरजीबीत कन्व्हर्ट करा. एरर जाते, पण पारदर्शक भागाखाली दडलेला रंग उघडा पडतो आणि तो बहुतेक वेळा काळा असतो. लोगो काळ्या डब्यात बसतो. आधी त्याच मापाचा पांढरा कॅनव्हास बनवा, त्यावर फोटो त्याच्याच अल्फाचा मास्क देऊन पेस्ट करा, मग सेव्ह करा. पॅलेट मोडमधली, म्हणजे मोजक्या रंगांच्या यादीवर चालणारी, चित्रं मापाच्या आधीच आरजीबीत किंवा आरजीबीएत न्यायची, कारण त्या मोडमध्ये पिलो तुम्ही दिलेला फिल्टर बाजूला ठेवून सगळ्यात ओबडधोबड पद्धत वापरतं आणि कडा करवतीसारख्या होतात.

डीटीपीवाल्याकडून आलेली जेपेग अनेकदा सीएमवायके, म्हणजे छपाईच्या रंगांत, असते. ती साधी कन्व्हर्ट केली की रंग भडक येतात. फाइलीत रंगांची प्रोफाइल असेल तर पिलोच्या इमेजसीएमएस मॉड्यूलने तिचं एसआरजीबीत, म्हणजे वेबच्या नेहमीच्या रंगक्षेत्रात, रूपांतर करा. आयफोनच्या फोटोंचंही तसंच आहे. आयफोन ७ पासून ते डिस्प्ले पी३ या रुंद रंगक्षेत्रात असतात आणि त्याची प्रोफाइल फाइलीत असते. जेपेग सेव्ह करताना पिलो ती आपणहून लिहीत नाही. प्रोफाइल गेली की ब्राउझर तेच आकडे एसआरजीबी समजून वाचतो आणि भगवा, हिरवा, त्वचेचा रंग, सगळे फिके पडतात. एसआरजीबीत रूपांतर करून मग प्रोफाइल टाकून द्यावी, हे मला सगळ्यात स्वच्छ वाटतं.

आयफोन २०१७ च्या आयओएस ११ पासून फोटो एचईआयसीत ठेवतो. पिलोला तो फॉरमॅट मुळात येत नाही, पिलो-हाइफ हे वेगळं पॅकेज बसवून त्याचा ओपनर रजिस्टर करावा लागतो, आणि वर सांगितलेल्या यादीतही त्याचं नाव घालावं लागतं. ते करायचं नसेल तर निदान युजरला समजेल असा निरोप द्या. 'अवैध चित्र' एवढ्याने त्याला काहीच कळत नाही, फोटो त्याच्या फोनवर व्यवस्थित दिसत असतो.

किती दाबायचं

फोटोंना जेपेगची क्वालिटी ८० ते ८५ ठेवा. पिलोचा मुळातला आकडा ७५ आहे, तोही लहान थंबनेलला चालतो. ९५ च्या वर जाऊ नका, फाइल फुगते आणि डोळ्याला फरक दिसत नाही. ऑप्टिमाइझ आणि प्रोग्रेसिव्ह दोन्ही चालू करा. वेबपी त्याच दर्जात साधारणपणे लहान पडतं आणि आजचे सगळे ब्राउझर ते दाखवतात, त्यामुळे वेबसाइटपुरता फोटो असेल तर तेच घ्या. फोटो छापला जाणार असेल किंवा सरकारी पोर्टलवर पुन्हा चढवला जाणार असेल तर जेपेगच हवं.

कागदपत्रांच्या फोटोंत एक वेगळा त्रास आहे. जेपेग रंगाची माहिती निम्म्या मापात साठवतं. चेहऱ्यात ते कळत नाही, पण लाल शिक्क्याच्या आणि निळ्या सहीच्या कडा विरघळतात. अशा फाइलींना सबसॅम्पलिंग, म्हणजे रंगांची ही काटछाट, शून्य द्या.

ठरावीक केबीत बसवण्याची गरजही आपल्याकडे वारंवार पडते. बँकांसाठी परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या बँकभरतीच्या अर्जात फोटो २०० बाय २३० पिक्सेलचा आणि २० ते ५० केबीचा मागतात. क्वालिटीच्या आकड्यावर बायनरी सर्च लावा. खालची हद्द ३० आणि वरची ९५, मधल्या आकड्याने मेमरीत सेव्ह करा, ५० केबीच्या वर गेलं तर खाली या, आत बसलं तर वर जा. सातएक प्रयत्नांत मर्यादेत बसणारा सगळ्यात चांगला आकडा सापडतो, आणि फोटो एवढा लहान असतो की हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. प्रत्येक प्रयत्न मूळ पिक्सेलवरून करायचा, आधीच्या दाबलेल्या फाइलीवरून नाही. साध्या पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो ९५ वरही २० केबी गाठत नाही, असंही होतं. तेव्हा सबसॅम्पलिंग बंद करा, आणि तरीही कमी पडलं तर माप त्याच प्रमाणात थोडं वाढवा.

बकेटच्या दारात

युजरने दिलेलं नाव कधीच वापरू नका. आयफोनच्या कॅमेऱ्यातून थेट अपलोड केलेला फोटो बहुधा 'इमेज डॉट जेपीजी' याच नावाने येतो. जँगोला क्लाउडशी जोडणाऱ्या जँगो-स्टोरेजेस पॅकेजचं एस३ बॅकएंड मुळात त्याच नावाची फाइल बिनदिक्कत ओव्हरराइट करतं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की एका सभासदाच्या प्रोफाइलवर दुसऱ्याचा चेहरा दिसतो. यूयूआयडीचं, म्हणजे कधीच पुन्हा न येणाऱ्या यादृच्छिक आकड्याचं, नाव द्या आणि ओव्हरराइटची सेटिंगही बंद करा. नव्या फोटोला नवं नाव असलं की सीडीएनमध्ये (ठिकठिकाणी प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांत) जुना फोटो अडकण्याचा प्रश्नही मिटतो, आणि कॅशे-कंट्रोलमध्ये (प्रत किती काळ जपायची हे सांगणाऱ्या हेडरमध्ये) वर्षभराची मुदत, म्हणजे ३ कोटी १५ लाख ३६ हजार सेकंद, निर्धास्त देता येते.

एक्स्टेन्शन आतल्या फॉरमॅटशी जुळवा. जँगो-स्टोरेजेस कंटेंट टाइप नावावरून ओळखतं, त्यामुळे आत वेबपी आणि नाव पीएनजी असेल तर टाइप चुकीचा लागतो. बोटो३ थेट वापरत असाल तर टाइप स्वतः द्यावा लागतो. नाही दिला तर एस३ बायनरी ऑक्टेट-स्ट्रीम लावतं आणि लिंक उघडली की फोटो दिसण्याऐवजी डाउनलोड होतो.

एप्रिल २०२३ पासून नव्या बकेटवर एसीएल, म्हणजे फाइलीगणिक परवानग्या, मुळातच बंद असतात. जुन्या लेखातून उचललेली 'पब्लिक-रीड' ही सेटिंग तशीच ठेवली की अपलोड 'बकेट एसीएल मानत नाही' म्हणून नाकारलं जातं. ती सेटिंग नन करा आणि वाचण्याची परवानगी बकेट पॉलिसीतून किंवा क्लाउडफ्रंट या ॲमेझॉनच्या सीडीएनमधून द्या. युजर महाराष्ट्रात असतील तर बकेट एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्ये ठेवा, तो २०१६ पासून आहे.

फोटो बदलला तरी जुनी फाइल जँगो पुसत नाही, ते काम आपलं. पण पुसणं ट्रान्झॅक्शनच्या ऑनकमिटमध्ये, म्हणजे डेटाबेसचा व्यवहार पक्का झाल्यावर, टाका. आधीच पुसली आणि डेटाबेसचा व्यवहार मागे फिरला तर रेकॉर्ड अशा फाइलीकडे बोट दाखवतं जी आता नाही.

हे सगळं रिक्वेस्टच्या आत करावं का? एका वेळी एक प्रोफाइल फोटो असेल तर खुशाल करा. मॅरेज हॉलवाला एकदम चाळीस फोटो टाकणार असेल तर नको, कारण जँगो चालवणारा गनिकॉर्न सर्व्हर मुळात ३० सेकंदांनी वर्करला मारतो. त्याआधीच पुढे बसलेल्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या १ एमबीच्या मुळातल्या मर्यादेवर ४१३, म्हणजे 'फाइल फार मोठी' ही एरर, मिळून गाडी अडलेली असते, ती वाढवून घ्या. अशा ठिकाणी ब्राउझरला प्रीसाइन्ड लिंक (थोड्या वेळापुरती अपलोडची परवानगी) देऊन मूळ फोटो थेट एका खासगी बकेटमध्ये घ्या, वर्करने तो उचलून तयार आकार दुसऱ्या, सार्वजनिक बकेटमध्ये ठेवावेत, आणि खासगी बकेटवर ३० दिवसांनी पुसण्याचा लाइफसायकल नियम लावा. लॅम्डा (फाइल आली की आपोआप चालणारं एडब्ल्यूएसचं फंक्शन) वापरत असाल तर दोन बकेटा हव्यातच. एकाच बकेटमध्ये लिहिलं तर तयार थंबनेलही नवं अपलोड समजलं जातं, त्यावर पुन्हा लॅम्डा चालतं, ते पुन्हा लिहितं, आणि चक्र सुरू होतं.

टेस्टसाठी एक फोल्डर करून ठेवा: आठही एक्झिफ आकड्यांचे आठ फोटो, पारदर्शक पीएनजी, पॅलेट पीएनजी, सीएमवायके जेपेग, पी३ प्रोफाइलचा आयफोनचा फोटो, १० बाय ५००० ची पट्टी, मधेच तोडलेली जेपेग, नाव बदलून जेपीजी केलेली पीडीएफ आणि हलती जिफ. जँगो ४.२ पासून इनमेमरीस्टोरेज आलं आहे. टेस्टमध्ये तेच लावा. त्यालाही एस३ सारखाच पाथ नाही, त्यामुळे कोडमध्ये कुठे पाथ मागणारी ओळ राहिली असेल तर ती बकेटला हात न लावता तिथल्या तिथे सापडते.